जर्मनचा मुखवटा

शहादेव ओतारी मेणाचा गोळा काखेत धरून बसायचा. ऊब लागली की मेण ऐकतं, म्हणायचा. वारुळाची माती आणली की आधी चिमूटभर जिभेवर ठेवायचा. खारट लागली तर जिथून आणली तिथेच नेऊन टाकायचा, मग ते कोसभर लांब का असेना. कोणाच्या घरी पाणी दिलं की तांब्यावर नखाने टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा, मग प्यायचा. उजवा हात कायम चिखलाचा, म्हणून विडी डाव्या हाताने ओढायचा. वाळत ठेवलेला साचा कोणी ओलांडला तर बोलायचा नाही. त्या माणसाच्या पायांकडे नुसता बघत राहायचा. साचा फोडला असं त्याने कधी म्हटलं नाही. उघडला म्हणायचा. दर अमावास्येला भात्याला तेल लावायचा आणि लावताना त्याच्याशी काहीतरी पुटपुटायचा. काय, ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

त्रिंबकला हे सगळं पाठ होतं. पण ह्या सवयी एकापुढे एक मांडल्या तरी त्यातून माणूस उभा राहत नव्हता. तो पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. पुन्हा तेच.

त्रिंबक हा नेकनूरच्या विठ्ठलराव देशमुखांचा थोरला. हैदराबादेला राहून साहित्य घेऊन बी.ए. झाला आणि गावी परत आला. बी.ए. होऊन पुढे काय करतात हे घरात कोणाला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. मग तो दुपारभर शहादेवच्या अंगणात बसू लागला. दोघे एका वयाचे, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. चारचौघांत शहादेव त्याला त्रिंबकराव म्हणायचा. अंगणात बे म्हणायचा.

येताना त्रिंबकने आईसाठी एक देगची आणली होती. जर्मनची. तेव्हा ही पांढरी, हलकी अॅल्युमिनियमची भांडी नवीनच निघाली होती, लोक त्यांना जर्मनची म्हणत. आईने ती चुलीजवळ येऊ दिली नाही. म्हणून ती शहादेवच्या अंगणात आली. शहादेवने ती एका बोटावर उचलली.

"ह्यात काई न्हाईच की बे," तो म्हणाला.

मग त्याने नखाने टिचकी मारली. देगची ठप्प वाजली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. आत सोप्यात त्याची आई बायनाबाई खांबाला टेकून बसली होती. त्याने एकदा देगचीकडे पाहिलं, एकदा आईच्या मानेकडे.

बायनाबाई आराधीण होती. दर मंगळवारी आणि नवरात्रात रोज ती जोगवा मागत गावभर फिरायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत देवीचा पितळी मुखवटा. मुखवटा तिच्या सासऱ्याने, म्हाळू ओताऱ्याने, ओतला होता. पाच शेर वजन. चाळीस वर्षं ते वजन तिच्या मानेवर होतं. मान डावीकडे कलली होती. त्या वर्षी श्रावणापासून तिला मान वळवताच येईना. कोणी हाक मारली की ती सगळी वळायची, देवळाच्या दारासारखी. पाटी उतरवली की दोन्ही हातांनी आपलं डोकं धरून बसायची.

पाटी दुसऱ्या कोणाला देता येत नव्हती. शहादेवची बायको सारजाबाई दोनदा म्हणाली होती, "आत्याबाई, मी घेते." पण जिने एकदा डोक्यावर घेतली तिने मरेस्तोवर घ्यायची, असा रिवाज होता. माणूस बदलत नाही. मग वजन तरी बदलावं, एवढा साधा विचार शहादेवने केला. नवरात्राला महिना होता. महिन्यात आईच्या डोक्यावरचे पाच शेर उतरवायचे.

"पण ही देगची दोनच शेर हाय," शहादेव म्हणाला. "आमच्यात मेणाच्या आठपट पितळ घेतेत. धा छटाक मेण, तर ऐंशी छटाक मंजे पाच शेर पितळ. ह्या जर्मनचा हिशोब काय? तुमच्या बुकात आसंल."

"माझ्या बुकात कविता होत्या," त्रिंबक म्हणाला.

"मग काय शिकलास बे इतकी वर्सं?"

त्याने स्वतःच शोधलं. देगचीच्या काठाच्या बोटभर, सारख्या तीन पट्ट्या कापल्या. तेवढीच, तितक्याच जाडीची एक पट्टी मोडक्या पितळी परातीची कापली. सोनाराकडून काटा आणला. तीन जर्मनच्या पट्ट्या एका पितळेच्या पट्टीला भारी पडेनात. मुखवटा पावणेदोन शेरांत होणार होता. देगचीतला पावशेर उरणार होता.

शेजारचा धोंडीराम कुडावरून हे बघायचा. हा तोंडाने टवाळ, पण मनाचा वाईट नव्हता.

"शादेवा, आपलं सरकार विंग्रजाच्या बाजूनं जर्मनशी लढतंय," तो म्हणाला, "आन् तू जर्मनचीच देवी कराया लागला? उद्या अमीनसाब येतील आन् देवीला बेडी घालून बीडला नेतील."

"नेऊ दे की," शहादेव म्हणाला. "हलकीच हाय. त्यास्नी बी तरास न्हाई."

त्रिंबकला त्या महिन्यात साचा कसा होतो ते कळलं. म्हणजे दिसलं. आधी माती आणि शेण कालवून मुखवट्याचा गाभा करायचा. वाळला की त्याच्यावर मेणाची पातळ पोळी बसवायची. मेणात राळ आणि थोडं तेल. नाक, डोळे, नथ, कपाळावरचा मळवट, सगळं मेणाचं. शहादेव मेणाचा दोरा बोटांनी वळायचा आणि एका श्वासात भुवई काढायचा. मग वारुळाची माती कापडातून गाळून, सायीसारखी पातळ करून, मेणावर लेप द्यायचा. असे तीन लेप. प्रत्येक लेप सावलीत वाळवायचा. घाई केली की तडकतो, आणि तडकलेली रेघ देवीच्या तोंडावर उमटते. त्याच्यावर भुसा कालवलेल्या जाड मातीचं पांघरूण. मग साचा गोवऱ्यांच्या आचेत उलटा ठेवायचा. मेण वितळून रस ओतायला ठेवलेल्या वाटेने निघून जातं. आत पोकळी राहते.

"म्हणजे आता आत काहीच नाही?" त्रिंबकने विचारलं होतं.

"देवी हाय," शहादेव म्हणाला. "आजून रिकामी हाय इतकंच."

त्रिंबकने हे वाक्य मनात लिहून ठेवलं. शहादेव तोवर भात्यावर बसला होता.

पहिल्या खेपेला चूक झाली, आणि ती ओताऱ्याच्याच हातून व्हावी अशी चूक होती. पितळ वितळलं की मुशीतून हिरवी ज्योत उठते, पांढरा धूर निघतो. शहादेवच्या बापाने, आज्याने, सगळ्यांनी त्या ज्योतीची वाट बघितली होती. जर्मन लवकर वितळलं. मुशीत दुधासारखं पडून राहिलं, वर साय धरली. ज्योत नाही, धूर नाही.

"आलं न्हाई आजून," शहादेव म्हणाला आणि भाता मारत राहिला.

ज्योत आली नाही. मूस लाल झाली, रसही लाल झाला, तेव्हा त्याने ओतला. दुसऱ्या दिवशी साचा उघडला. नाक आलं होतं, डोळे आले होते. पण सगळ्या तोंडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती, ताव जास्त झालेल्या भाकरीसारखी. शहादेवने त्यावरून अंगठा फिरवला. सारजाबाई चुलीपाशी होती. ती उठून आली, बघून परत गेली. तिकडूनच म्हणाली,

"आवो, दुदाचा रंग बदलंस्तोवर थांबतेत का कुणी? उतू गेल्यावर कळतंय व्हय?"

शहादेव तोंडावर हात धरून हसला. "बी.ए. ही हाय बे," तो त्रिंबकला म्हणाला.

दुसऱ्या खेपेला नवा साचा करून त्याने तेच तोंड पुन्हा मुशीत वितळवलं, पण रंगाकडे बघत बसला नाही. तुरीची वाळकी काडी घेतली आणि रसात बुडवली. पहिली काडी तशीच निघाली. थोड्या वेळाने दुसरी काळी पडली, धुरली, पण पेटली नाही.

"आता," तो म्हणाला.

हा मुखवटा स्वच्छ आला. बारीक वाळूने घासल्यावर तो पांढरा झाला. त्रिंबकने हातात घेतला आणि त्याला विचित्र वाटलं. एवढं मोठं तोंड आणि हाताला काहीच नाही. घटस्थापनेला तीन दिवस होते.

पहिल्या माळेला बायनाबाईने अंघोळ केली, हिरवं लुगडं नेसली. नव्या मुखवट्याला शेंदूर लावला, कुंकू लावलं, पाटीत बसवला. शहादेवने पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. गल्लीतले दहा-पंधरा लोक उभे होते. बायनाबाई चालू लागली. सात-आठ पावलं गेली. थांबली. हात वर करून पाटी चाचपली. पुन्हा दोन पावलं. पुन्हा चाचपली.

"शादेवा, ही हाय का वर?"

"हाय की, आई."

"मला कळंना बाबा."

"आता मान दुकती का?"

"न्हाई दुकत." ती तिथेच उभी राहिली. मग हळूहळू खाली बसली. "कोणी डोईवर बसलं मंजे बसल्यावानी वाटाया पायजे. ही माशी बसल्यावानी वाटती. हिला घेऊन कोणाच्या दारात जाऊ? आई आली म्हनू, तर आली का न्हाई ते मलाच ठावं न्हाई."

बायनाबाईने जुना पितळी मुखवटा मागितला. शहादेवने आणून दिला. नव्यावर तिचा राग नव्हता. तिने तो भिंतीतल्या देवळीत ठेवला, त्याच्या कपाळावरचं विस्कटलेलं कुंकू नीट केलं.

"ऱ्हाऊ दे घरात," ती म्हणाली. "शादेवा, हिच्यात वजन भरून दे. भरून दिलंस तर नेते बग."

आणि पाच शेर डोक्यावर घेऊन ती गल्लीच्या तोंडाशी गेली, सगळं अंग वळवून उजवीकडे गेली.

त्रिंबकला वाटलं, शहादेव आता सोडून देईल. वजनच भरायचं तर एवढं सगळं कशाला केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हा शहादेव पितळ फोडत होता. जुन्या घंटा, मोडकी घुंगरं. त्रिंबक बसला. शहादेवने आत सारजाबाई नाही हे पाहिलं, मग हळू आवाजात सांगितलं.

मुखवट्याखाली एक बैठक करायची. देगचीतून उरलेल्या पावशेर जर्मनची, आतून पोकळ. तिच्यात पितळेच्या बारा कड्या बसवायच्या, एकेक पावशेराची. मुखवटा, बैठक आणि कड्या मिळून बरोबर पाच शेर. दसऱ्यानंतर आई ती पाटी नेणार. आणि मग दर मंगळवारी पहाटे शहादेव एक कडी काढणार.

"पावशेर कमी झालं तर तिला कळायचं न्हाई," तो म्हणाला. "पुडच्या मंगळवारी आजून पावशेर. बारा मंगळवार. संक्रांतीला डोईवर दोन शेर ऱ्हातेत. मान सुटती."

"आणि देवी?"

"देवीचं काय?"

"काकू म्हणतात वजन म्हणजेच ती आली. तू वजन काढणार. मग संक्रांतीला डोक्यावर कोण असेल?"

शहादेवने घंटेचा तुकडा उन्हात धरून पाहिला. "ते तू सांग बे. बी.ए. तू हाईस."

"तू आईला फसवतोयस."

"फसवत न्हाई. सवय लावतो." मग थांबून म्हणाला, "मला ठावं न्हाई. फसवत बी आसंन. पर तिची मान बगितली का तू? राती कुशीवर वळती तर डोकं हातानं उचलून ठेवती." त्याने तुकडा खाली ठेवला. "कोणाला बोलायचं न्हाई. सारजाला बी न्हाई. ती आत्याबाईला सांगल. बोल, शपत."

त्रिंबकने शपथ घेतली. घेताना आपण नेमकी कशाची शपथ घेतोय, हे त्याला कळलं नाही. त्याला शहादेवचं पटलं होतं आणि बायनाबाईचंही पटलं होतं. दोन्ही कसं पटतं, हे त्याला कोणाला विचारता येत नव्हतं.

चार दिवसांत बारा कड्या झाल्या. शहादेवने त्या सुतळीत ओवून खुंटीला टांगल्या. सारजाबाईने विचारलं तर बैलांच्या आहेत म्हणाला.

त्याच दिवसांत ताप गावात आला. बीडहून आला म्हणत, कोणी म्हणत लढाईवरून आला. मानमोडी, असं त्याला लोक म्हणायचे. आज अंग मोडलं की परवा माणूस गेला. पाऊस आधीच दगा देऊन गेला होता, त्यात हे. लोकांना देवी दारात हवी होती. पूर्वी ज्या घरातून जोगव्याला पसाभर ज्वारी मिळायची नाही ती घरं बायनाबाईला बोलवायला माणूस पाठवू लागली. ती सकाळ-संध्याकाळ फिरू लागली. एकेका दारात दोनदा पाटी उतरवायची, दोनदा चढवायची.

"दसऱ्यापतोर थांबायचं न्हाई," शहादेव म्हणाला. "बैठक लवकर उरकतो."

त्याने बैठकीचं मेण करायला घेतलं. त्याच सुमारास विठ्ठलरावांनी त्रिंबकला कचेरीच्या कामासाठी बीडला धाडलं. निघताना तो शहादेवकडे डोकावला. शहादेव पहिल्या लेपाची माती गाळत होता. डोळे लाल होते.

"ताप आलाय का रे?"

"धूर गेलाय डोळ्यात. येताना राळ आन थोडी. संपत आली."

बीडला काम लांबलं. कचेरीत अर्धी माणसं तापाने गैरहजर, कोणी कागद हातात घेईना. त्रिंबक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत आला. राळेची पुडी खिशात होती. तो घरी न जाता आधी शहादेवकडेच गेला. कुडाजवळ धोंडीराम उभा होता. त्याची मान गुंडाळलेली, तोंड सुकलेलं. तोही तापातून उठला होता.

"शहादेव आहे का वर?" त्रिंबकने विचारलं. माळवदावर, घराच्या मातीच्या धाब्यावर, साचा वाळत असणार म्हणून.

धोंडीराम कुडाला धरून पुढे आला.

"त्रिंबकराव, शादेव गेला. आष्टमीला."

"कुठं गेला?"

त्रिंबकने पुन्हा विचारलं, कुठं गेला. मग त्याला कळलं. तरी राळेची पुडी त्याने खिशातून काढली आणि धोंडीरामच्या हातात दिली. धोंडीरामने ती घेतली.

आत सारजाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, तीन दिवसांचा ताप. ती म्हणाली, दुसऱ्या दिवशीपर्यंत तो माळवदावर चढत होता, लेप देत होता. शेवटी बोलता येईना तेव्हा वर बोट करून सांगितलं, ते उतरवू नको. "काय हाय ते, भावजी? कावून उतरवू नको म्हनले?"

त्रिंबकला सांगता आलं नाही. शपथ होती. आणि सांगायचं ते नक्की काय, हेही त्याला माहीत नव्हतं. खुंटीवर बारा कड्या होत्या. लोक दारात येऊन जात होते. कोणी म्हणत, परक्या धातूची देवी केली, तिला राग आला. कोणी म्हणत, खरी देवी म्हातारीच्या डोईवर असताना दुसरी घरात आणली. त्रिंबक सगळ्यांचं ऐकत होता. ताप धोंडीरामलाही आला होता आणि तो उठला होता. त्याने तर कोणतीच देवी केली नव्हती. ह्याचं काही गणित लागत नव्हतं.

तेवढ्यात बायनाबाई आली. मंगळवार होता. लेक जाऊन तीनच दिवस झाले होते. सुतक होतं, पण तापाच्या घरांनी सुतक मानलं नव्हतं. ती पाटी घेऊनच फिरत होती. सारजाबाईने उठून पाटी उतरवली. बायनाबाईने दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं आणि तशीच बसली. मग सगळं अंग वळवून तिने त्रिंबककडे पाहिलं.

"तिंबका, लेकरा. शादेव वजन भरून देतो म्हनला व्हता. ते कुटवर आलतं?"

"बघतो, काकू," तो म्हणाला.

तो शिडीने माळवदावर गेला. साचा मातीच्या कठड्याच्या सावलीत, तरटावर ठेवलेला होता. परातीएवढा गोल, मध्ये पोकळ. त्याच्या शेजारी खापरात लेपाची माती होती. ती वाळून तिच्यावर भेगा पडल्या होत्या.

साच्याला दोन लेप झाले होते. तिसरा अर्ध्यावर आला होता. शहादेवच्या तीन बोटांच्या खुणा गोलाभोवती एकीशेजारी एक आल्या होत्या आणि एका जागी थांबल्या होत्या. तिथून पुढे नुसता दुसरा लेप होता. सावली सरकून तेवढ्या भागावर ऊन आलं होतं. लेप तडकला होता, आणि भेगेतून मेण दिसत होतं.